वळचणीचा बर्फ आणि हीटिंग केबल: पाण्याची वाट वरपासून खालपर्यंत

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. घराचं छप्पर उतरतं, वर शिंगल (एकावर एक चढवलेले चपटे तुकडे). पुढच्या बाजूची वळचण १२ मीटर लांब आणि भिंतीच्या बाहेर ४५ सेंटिमीटर आलेली. दर हिवाळ्यात पन्हळ बर्फाने गच्च भरते, कडेला हातभर लांबीच्या गोठलेल्या पागोळ्या लोंबतात आणि गेल्या खेपेला आतल्या खोलीत भिंतीलगत छताला ओल आली. दुकानात प्लग लावलेली तयार हीटिंग केबल, म्हणजे वीज दिली की तापणारी तार, तुम्ही पाहिलीत. ती घ्यावी का, स्वतः बसवता येईल का, वीज किती जाईल, आणि हिवाळा संपल्यावर काढून ठेवायची का, असे तुमचे चार प्रश्न.

माझं मत सांगतो. केबल बसवा, पण ती प्लगवाली नको. छपरावरची मांडणी हाताला सवय असेल तर तुम्ही करू शकता. वीजजोडणी मात्र परवानाधारक वायरमनवर सोडा. आणि एक पैसा खर्च करण्याआधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा.

माळ्यावर अशासाठी की बर्फ धरतो वळचणीला, पण त्याचं कारण बहुतेक वेळा वर माळ्यात असतं. घरातली ऊब फटीफटींतून वर जाते आणि छपराचं पाखं आतून कोमट होतं. त्यावरचं हिम तळाशी वितळू लागतं. (हिम म्हणतोय ते भुसभुशीत, आकाशातून पडलेलं, बर्फ म्हणेन तो पाणी गोठून झालेला, कडक.) ते पाणी हिमाच्या गोधडीखालून उताराने सरकत येतं. भिंतीची रेघ ओलांडली की खाली घर संपतं. वळचणीच्या पोटाखाली उघडी हवा असते, त्यामुळे तिथलं छप्पर बाहेरच्या हवेइतकंच गार. पाणी तिथे येतं आणि थिजतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर, तिसऱ्या दिवशी आणखी एक. आठवडाभरात कडेला चांगला बांध तयार होतो आणि मागून येणारं पाणी त्याच्याआड तुंबतं. शिंगल एकावर एक अशा बेताने चढवलेले असतात की वरून खाली वाहणारं पाणी आत शिरू नये. तुंबून उलटं वर चढणारं पाणी त्यांना अडवता येत नाही. तुमच्या छताला आलेली ओल बहुधा या वाटेने आलेली आहे.

गोठलेल्या पागोळ्या कुठे लोंबतात ते पाहिलं तर अर्धं निदान जमिनीवरूनच होतं. सगळ्या वळचणीला सारख्या असतील तर माळ्यावरचं इन्सुलेशन (घरातली ऊब अडवणारा थर) एकूणच कमी पडतंय. एकाच टप्प्यात गर्दी असेल तर त्याच्या बरोबर वर काहीतरी विशेष आहे. एका घरी मला केबल बसवायला बोलावलं होतं. बर्फ फक्त दीड-दोन मीटरच्या टप्प्यात, बाकी वळचण कोरडी. माळ्यावर गेलो तर न्हाणीघराच्या एक्झॉस्ट पंख्याचा लवचीक पाइप भिंतीच्या जाळीपासून निसटून पडलेला, आणि त्यातून दमट, गरम हवा थेट छपराच्या फळ्यांवर. फळ्यांना काळपट बुरशी, खिळ्यांच्या टोकांना पाण्याचे थेंब. पाइप जागेवर बसवला, क्लॅम्प आवळला, सांधा टेपने बंद केला आणि केबल न विकता परत आलो. त्या घराला केबलची गरजच नव्हती. तेव्हा आधी माळ्याच्या झडपेच्या कडा, दिव्यांची आणि वायरींची भोकं, धुराडं आणि पाइप वर येतात तिथल्या फटी बघा. फटी बुजवा, मग इन्सुलेशन वाढवा. हा क्रम उलटा करू नका. फट तशीच ठेवून वर जाड थर घातला तरी गरम हवा त्यातून वाट काढते. आणि इन्सुलेशन पसरताना वळचणीकडून येणारा वारा बंद करू नका. तो वारा माळा गार ठेवतो, आणि माळा गारच राहायला हवा.

हे सगळं केलं तरी काही ठिकाणी बर्फ धरतोच. दुपारच्या उन्हाने पाखं पाझरतं, पन्हळ मात्र सावलीत; संध्याकाळी पारा उतरला की पन्हळीतलं पाणी आहे तिथे गोठतं. यात घरातल्या उबेचा संबंध नाही, त्यामुळे इन्सुलेशनचा उपयोगही नाही. दोन पाखी जिथे मिळतात ती खोलगट रेघ, उंच भिंतीच्या पायथ्याशी आलेलं खालचं छप्पर, किंवा ज्या जुन्या घरात माळ्यावर माणूस शिरूच शकत नाही, अशा जागी केबलला पर्याय उरत नाही.

आता केबलकडून काय अपेक्षा ठेवायची, ते पक्कं करू. लोकांना वाटतं केबल छपरावरचा बर्फ वितळवते. थोडा हिशेब करा. शून्य अंशावरच्या १ किलो बर्फाचं शून्य अंशावरचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ताज्या हिमाचा ३० सेंटिमीटरचा थर घ्या, घनमीटरला १०० किलो धरा. चौरस मीटरला ३० किलो झाले आणि ते वितळवायला जवळजवळ २.८ युनिट वीज. १०० चौरस मीटरचं पाखं मोकळं करायचं तर एका हिमवृष्टीला २८० युनिट. असली केबल कोणी बसवत नाही. आपण बसवतो ती केबल फक्त वितळलेल्या पाण्यासाठी एक अरुंद वाट उघडी ठेवते. वाट गरम पाख्यावर सुरू होते, वळचण ओलांडते, पन्हळीतून जाते, पाइपातून उतरते आणि पाणी पुन्हा गोठून अडथळा होणार नाही अशा जागी संपते. यातला एक हात जरी थंड राहिला तरी बर्फ तिथे बूच मारतो आणि वरची सगळी केबल फुकट जळते. मांडणीचे पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

प्लगवाली केबल का नको? त्या स्वस्त केबलमध्ये ठरावीक रोधाची तार असते आणि ती कायम सारखीच तापते, मीटरला साधारण १६ वॉट. बाहेर हिम असो वा कोरडा वारा, तिला फरक पडत नाही. तिची लांबी कारखान्यात ठरलेली. लांब झाली म्हणून कापली तर रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि उरलेली तार प्रमाणाबाहेर तापते. स्वतःवरून स्वतः ओलांडून गेली तर त्या बिंदूवर उष्णता साठून आवरण वितळतं. पन्हळीत वाळलेल्या पानांचा ढीग असेल तर त्याच्या पोटातही ती तेवढीच तापत राहते, आणि हा आगीचा धोका आहे. छोट्या शेडला, काळजीने बसवली तर ती चालते. तुमच्या १२ मीटरच्या वळचणीला पाइपासकट मापात बसणारं तयार पाकीट सापडणं कठीण, आणि उरलेली चार मीटर केबल कुठेतरी गुंडाळून ठेवायचा मोह होतो. तसं कधीही करू नका.

दुसरी जात सेल्फ-रेग्युलेटिंग केबलची. तिचा तुकडा कापून टोक उजेडात धरा. बोटाच्या रुंदीची चपटी फीत दिसेल. दोन्ही कडांना तांब्याच्या बारीक तारांचा एकेक पीळ, आणि त्यांच्यामध्ये काळा, रबरासारखा भरीव पट्टा. तापणारा भाग तो पट्टाच. प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण मिसळून तो बनवलेला असतो. गारठ्यात पट्टा आकसतो, कार्बनचे कण एकमेकांना चिकटतात, दोन तारांच्या मध्ये विजेच्या असंख्य वाटा तयार होतात आणि तो तापतो. तापला की फुगतो, कण दुरावतात, वाटा तुटतात आणि उष्णता आपोआप उतरते. हे प्रत्येक सेंटिमीटरला वेगवेगळं घडतं. त्यामुळे एकाच केबलचा बर्फाच्या पाण्यात बुडालेला भाग जोरात तापतो आणि शेजारचा कोरडा भाग मंद राहतो. छपरासाठी मिळणारी चांगली केबल शून्य अंशाच्या बर्फाच्या पाण्यात मीटरला ३६ वॉटच्या आसपास देते, कोरड्या हवेत साधारण निम्मं. पट्ट्यावर आतलं आवरण, त्यावर कल्हई केलेल्या तांब्याची जाळी अर्थिंगसाठी, आणि सगळ्यांत बाहेर ऊन सोसणारं आवरण. ती हव्या त्या मापाला कापता येते आणि स्वतःला ओलांडून गेली तरी जळत नाही.

नावामुळे मात्र एक गैरसमज पसरलाय. ती स्वतःला कमी करते, बंद करत नाही. भर उन्हाळ्यात चालू राहिली तरी वीज खातेच. आणि नळाच्या पाइपाला गुंडाळायची म्हणून जी केबल मिळते ती छपरावर चालवू नका. दिसायला तशीच असते, पण तिचं आवरण उन्हासाठी नसतं. खरेदी करताना छप्पर आणि पन्हळीसाठीची म्हणून स्पष्ट छापलेली केबलच मागा.

आता मांडणी. शिंगलवर केबल नागमोडी जाते, त्रिकोणामागून त्रिकोण. त्रिकोणाचा पाया ६० सेंटिमीटर. उंची किती, हे वळचण ठरवते: वरचं टोक भिंतीच्या रेघेच्या ३० सेंटिमीटर वर, म्हणजे खाली ऊबदार घर असलेल्या भागात पोचायला हवं. इथे चूक करणारे खूप. वळचणीच्या निम्म्यात त्रिकोण संपवतात, कारण खालून ते छान दिसतं आणि केबल वाचते. मग बांध केबलच्या वर धरतो आणि पाणी जिथे शिरू नये तिथेच शिरतं. तुमची वळचण ४५, त्यात ३० मिळवा, म्हणजे उतारावर ७५ सेंटिमीटर. एका त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून सुमारे १.६२ मीटर होतात. १२ मीटरला २० त्रिकोण, म्हणजे साडेबत्तीस मीटरच्या आसपास. प्रत्येक त्रिकोणाचं खालचं टोक छपराच्या कडेवर थांबवायचं नाही, पन्हळीत उतरवून आतल्या केबलला भिडवायचं. पन्हळ नसेल तर ते कडेच्या खाली पाच-सात सेंटिमीटर लोंबतं सोडायचं, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून थेंब होऊन गळतं, कडेला धरून राहत नाही. या उतरण्यासाठी आणखी ३ मीटर धरा. पन्हळीच्या तळाशी सरळ १२ मीटर. पन्हळ १५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल तर एक ओळ पुरते, त्याहून रुंद असेल तर दोन. खाली उतरणारा पाइप ३ मीटरचा धरला तर त्याला साडेतीन. जोडणीच्या डब्यापर्यंत आणि चुकीला म्हणून दीड-दोन मीटर. एकूण ५३ मीटरच्या आसपास. विकत घेण्याआधी छपराच्या कडेवर खडूने त्रिकोण आखून दोरीने मोजून बघा. कागदावरचं माप आणि छपरावरचं माप यांचं क्वचितच जुळतं.

दोन पाखी मिळतात त्या खोलगट रेघेत केबल दुहेरी न्यायची, एकदा वर आणि एकदा खाली, वळचणीपासून रेघेच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत. उभ्या सांध्यांच्या पत्र्याच्या छपरावर त्रिकोण नसतात. केबल एका सांध्याला लागून वर जाते, सांधा ओलांडते आणि दुसऱ्या बाजूने खाली येते. पत्र्यावरून हिमाचा अख्खा थर एकदम घसरतो आणि केबल, क्लिपा, कधी पन्हळसुद्धा ओरबाडून नेतो. तिथे वर हिम अडवणारे अडसर बसवल्याशिवाय केबलला हात लावू नये. तुमचं छप्पर शिंगलचं आहे, म्हणून यात अधिक खोल जात नाही.

खाली उतरणाऱ्या पाइपावर मात्र थांबायला हवं. मी दुरुस्तीला गेलेल्या बऱ्याच जागी दोष या पाइपातच निघाला. एक सांगतो. मांडणी देखणी, त्रिकोण फूटपट्टीने आखल्यासारखे, आणि तरी पन्हळ दर वर्षी ओसंडायची. पाइपाच्या खालच्या तोंडात हात घातला तर केबलचं टोक वीतभर वर लटकत होतं. शेवटचा वाकडा तुकडा, जिथून पाणी जमिनीवर पडतं, तो कोरा. दर रात्री त्या कोपऱ्यात बर्फाचं बूच बसायचं, बूच वर वाढत जायचं आणि पत्र्याचा पाइप शिवणीवर फाटलेला. केबल पाइपाच्या अगदी शेवटच्या तोंडापर्यंत गेली पाहिजे, आणि तिथून ३० सेंटिमीटर पुन्हा आत वर वळवायची, म्हणजे बंद केलेलं टोक पायाखाली, फावड्याखाली सापडत नाही. पाइप जमिनीखालच्या गटाराला जोडलेला असेल तर केबल जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली न्यायची. आणि पाण्याला जमिनीवर पुढेही उतार हवा. नाहीतर छपरावरचा बर्फ तुम्ही पायवाटेवर आणून ठेवलात असं होईल.

पाइपाच्या वरच्या तोंडाशी पत्र्याची कड धारदार असते. तिथे केबलला आधार देणारा हँगर बसवा, कड कानशीने घासून घ्या. लटकलेल्या केबलवर बर्फ चढला की सगळं वजन त्या एका बिंदूवर येतं.

काम करायची वेळ हिवाळ्याआधीची, कोरड्या दिवसाची. थंडीत शिंगल कडक होतात आणि क्लिप सरकवायला कड उचलली की मोडतात. चिकटवायच्या क्लिपांचा गोंदही गारठ्यात नीट धरत नाही; ट्यूबवर किमान तापमान छापलेलं असतं, ते खरंच वाचा. पन्हळ आधी साफ करा आणि एका टोकाला बादलीभर पाणी ओतून ते पाइपाकडे वाहतं का बघा. मध्येच साचत असेल तर आधी पन्हळीचे आधार नीट करा, कारण केबलने उतार सुधारत नाही. केबल रिळावरून सोडताना रीळ फिरवा. बाजूने वेटोळी ओढून काढली की पीळ पडतो. वळवताना चपट्या बाजूवर वळवा, कडेवर कधीच नाही. खिळे, स्टेपल, तारेचे आवळे केबलला नकोत. क्लिप त्याच केबलसाठी बनवलेली हवी, आणि तिच्यासाठी छपराला भोक पाडावं लागत असेल तर ती पद्धत सोडा. पाणी थांबवायला आलो आहोत. हे सगळं शिडीवर आणि उतारावर चालतं, तेव्हा दोरी आणि पट्टा हवाच, आणि खाली एक माणूस.

विजेचं काम वायरमनकडे द्यायचं म्हटलं तरी त्याने काय करायला हवं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. केबलला स्वतंत्र सर्किट, आणि त्यावर ३० मिलिअँपिअरची गळतीरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी. ओल्या पत्र्यावर विजेची तार पसरतोय, यात तडजोड नाही. केबलची धातूची जाळी अर्थिंगला जोडलेली हवी. आवरण कुठे चिरलं तर गळणारा प्रवाह त्या जाळीतून जातो आणि स्विच पडते. जाळीच जोडली नसेल तर पन्हळीला हात लावणारा माणूस ती वाट पुरी करतो. जोडणीचा डबा वळचणीच्या पोटाखाली, पाण्यापासून दूर, केबल त्यात खालून शिरणारी, शिरते तिथली ग्लँड (पाणी अडवणारं बूच) घट्ट. एक्स्टेंशन बोर्ड लावून खिडकीतून तार काढणं हा प्रकारच नको.

५३ मीटरला ३६ वॉटने सुमारे १.९ किलोवॉट होतात, २३० व्होल्टवर सव्वाआठ अँपिअर. म्हणून १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारी स्विच) भरपूर, असं वाटेल. पण ही केबल गारठलेली असताना चालू केली की पहिली काही मिनिटं नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते. पट्टा आकसलेला असतो, विजेच्या सगळ्या वाटा उघड्या असतात. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत एक तक्ता असतो: अमुक तापमानाला चालू करणार असाल तर अमुक अँपिअरच्या एमसीबीवर जास्तीत जास्त इतके मीटर. तुमच्याकडे पडणारा सर्वांत कडक गारठा धरून तो तक्ता बघा. लांबी बसत नसेल तर दोन सर्किट करा. दर पहाटे एमसीबी पडते म्हणून तक्रार येते तेव्हा केबलमध्ये दोष क्वचित असतो. तो तक्ता कोणी उघडलेला नसतो.

सेल्फ-रेग्युलेटिंग केबलच्या शेवटच्या टोकाबद्दल एक इशारा. वायरमन कितीही अनुभवी असो, त्याला हे शब्दात सांगा: टोकाला दोन तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत. साध्या हीटरच्या सवयीने हात आपोआप त्या पिळायला जातो, कारण सर्किट पुरं करायचं असतं. इथे सर्किट काळ्या पट्ट्यातून आधीच पुरं झालेलं असतं. टोकाला तारा भिडल्या की थेट शॉर्टसर्किट. माझ्या हाताखाली नवीन आलेल्या एका मुलाने हेच केलं होतं, आणि वर एंड-सील (टोक बंद करणारी टोपी) इतकी सुबक बसवली होती की दोष शोधायला अर्धा दिवस गेला. तेव्हापासून टोक बंद करताना मी स्वतः उभा राहतो. दोन तारा मागेपुढे कापायच्या, म्हणजे भिडणारच नाहीत, आणि उत्पादकाचीच सील वापरायची. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर पहिल्याच मोसमात पाणी पट्ट्यात शिरतं.

तपासणी मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने. केबल रिळावर असताना एकदा, छपरावर बसवून झाल्यावर एकदा, वीज जोडण्याआधी एकदा. दोन्ही तारा एकत्र एका बाजूला, जाळी दुसऱ्या बाजूला, आणि इन्सुलेशनचा, म्हणजे तारांवरच्या आवरणाचा, रोध मोजायचा. किमान ५०० व्होल्टवर मोजा. बरेच उत्पादक २५०० व्होल्ट डीसी सुचवतात, कारण सुईएवढी चीर कमी व्होल्टेजला दिसत नाही. आकडे वहीत लिहून ठेवा. बसवण्याआधी हजारो मेगाओहम आणि बसवल्यावर पाच, असं झालं तर कुठेतरी क्लिपने किंवा पत्र्याने आवरण कापलंय. तेवढ्यातच ते शोधा. हिम पडल्यावर शोधायला छपरावर जाता येत नाही.

विजेचा खर्च विचारलात. पूर्ण जोरात १० तास चालली तर १९ युनिट. हाताने चालू केली आणि विसरली तर दिवसाला पंचेचाळीसपर्यंत. कोरडी झाली की आकडा उतरतो, पण शून्य होत नाही. म्हणून खरी बचत कंट्रोलरमध्ये आहे. साधा थर्मोस्टॅट पारा ३-४ अंशांखाली गेला की केबल चालू करतो; पण कडक थंडीचे कितीतरी दिवस कोरडे असतात आणि त्या दिवसांतही तो वीज जाळत बसतो. तापमानाबरोबर ओलावाही ओळखणारा सेन्सर पन्हळीत बसवला तर केबल गारठा आणि पाणी दोन्ही असतानाच चालते. सेन्सर पाणी जिथे शेवटी साचतं तिथे, पाइपाच्या तोंडाजवळ ठेवा. उन्हात ठेवला तर केबल वेळेआधी बंद होईल.

एक सवय लावून घ्या: केबल हिम पडायला लागतानाच चालू हवी. चार दिवस वाट पाहून, पन्हळ बर्फाने भरल्यावर चालू केलीत तर ती स्वतःभोवती एक बोगदा करते. बोगद्यात हवेची पोकळी, हवा उष्णता नीट पोचवत नाही, आणि केबलला वाटतं काम झालं. बाहेरून बर्फ जसाच्या तसा. अशा वेळी केबल खराब निघाली म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. बोगद्यातून पाणी वाहत असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. वाट उघडी आहे, वरचा बर्फ दिसायला वाईट एवढंच.

या हिवाळ्यात केबल बसेपर्यंत बांध धरलाच, तर कुऱ्हाड किंवा हातोडा घेऊन वर जाऊ नका. बर्फाबरोबर शिंगलही निघतात. जमिनीवरून लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीजवळचं ताजं हिम ओढून काढा. जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा न ठेवता उतारावर उभा, टोक पन्हळीवर येईल असा ठेवला तर त्याच्याखाली पाण्यापुरती चर पडते. खाण्याचं मीठ वापरू नका, पत्र्याला आणि खालच्या झाडांना ते भोवतं.

राहिला शेवटचा प्रश्न, काढून ठेवायची का. नको. दर वेळी काढताना क्लिपा तुटतात आणि केबल नको तिथे वाकते. ती उन्हातच राहू द्या, त्यासाठीच तिचं आवरण बनवलेलं असतं. फक्त हिवाळा सरला की एमसीबी हाताने खाली करा, कंट्रोलरवर विसंबू नका. रंगकाम निघालं तर केबलवर रंग लागू देऊ नका. पानगळ संपल्यावर पन्हळ साफ करायला चढाल तेव्हा केबल हाताने ओढू नका, पानं तिच्या बाजूने उचला. मग वायरमनला बोलावून पुन्हा मेगर लावायला सांगा आणि आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा.